पेटी थांबते ते कडवं

"सुवार्ता, हे काय वाजवतेस? वाढदिवस आहे का कुणाचा?"

शांतवन सरांनी तळहात वर केला आणि गाणं थांबलं. म्हणजे माझी गिटार थांबली. त्या कडव्यात दुसरं काही वाजत नव्हतंच. सासूबाई पायपेटीवरून पाय काढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"मायनरच आहे, सर."

"मायनर? मला सांगतेस? तीन कडवी कशी छान रडवलीस. आणि चौथ्यात एकदम नाताळ!"

चर्चमागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. आमच्याकडे रीतच तशी होती. वाद्यांची तालीम वेगळी, गाणाऱ्यांची वेगळी, आणि दोघांची गाठ पडायची ती थेट उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर उपासनेत. आधी एकत्र गायलं तर दुःख शिळं होतं, असं सरांचं म्हणणं. शांतवन पगारे सर म्हणजे आमच्या गायकवृंदाचे प्रमुख. शाळेतून निवृत्त झाले होते, पण हातातली छडी तेवढी गेली होती, हात तसाच होता.

"पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवलं. खोलीत ऊन शिरल्यासारखी ती कॉर्ड पसरली.

"ऐका सगुणाबाई, तुम्हीच ऐका. ख्रिस्त वधस्तंभावर, आई खाली उभी, आणि तुमची सून हसतेय!"

सासूबाईंनी पेटीवरची धूळ पदराने पुसली.

ते गाणं माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. मी लग्न होऊन नगरला आले तेव्हा ते नव्हते. भिंतीवरच्या फोटोत होते आणि या गाण्यात होते. उत्तम शुक्रवारी दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात छोटी प्रवचनं होतात. तिसरा उद्गार आईकडे पाहून काढलेला. त्याचं प्रवचन झालं की हे गाणं. गाण्यात आई वधस्तंभाची टेकडी चढते, म्हणून दर कडव्याला गाणंही एक पट्टी वर चढतं: पांढरी दोनपासून सुरू होऊन चौथं कडवं पांढरी चारला. आणि चौथ्याच्या आधी पेटी थांबते. ही सासऱ्यांनीच घालून दिलेली रीत. गिटारने दोन आवर्तनं एकटीने वाजवायची आणि मग गाणाऱ्यांनी उचलायचं:

घरी परतली माय, दार लाविना.

गिटारची खुर्ची लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला मिळाली होती. पेटीवरच्या सासूबाई सोडल्या तर वाद्याला हात लावणारी दुसरी बाई मीच. पण हे घडलं त्या वर्षी माझी लेक हन्ना तीन महिन्यांची होती, आणि तिला काखेत हात घालून उचलता उचलता माझ्या डाव्या अंगठ्याची शीर सुजली होती. "बाळंतिणींना होतं असं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला पट्टा बांधला होता. गिटारीवर पूर्ण मायनर धरायची तर पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं आणि मागून अंगठ्याने जीव खाऊन रेटा द्यावा लागतो. मला तो रेटा देता येईना. सगळ्या तारा दाबून धरणारा कॅपो लावून सोपं करावं, तर गाणं दर कडव्याला पट्टी बदलतं. कॅपो काय केसांतला चिमटा आहे, दर कडव्याला काढून पुढे लावायला?

म्हणून मी वरच्या दोन जाड तारा सोडूनच दिल्या. उरलेल्या चारांवर बोटांची छोटी छोटी घरं शोधली. हन्ना दूध पिऊन माझ्या मांडीवर झोपायची, तिच्या पाठीवरून हात पुढे घालून मी गिटार धरायची आणि आवाज न करता नुसती बोटं ठेवून बघायची. मायनर नाइन म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी, आणि वर चढलेला रे. पाच जण. तारा चार. मग एकाला घरी ठेवावं लागतं. मी सा ला ठेवलं, कारण सा पेटीच्या डाव्या हाताला असतोच. उरलेल्या चौघांची जागा बदलत राहायची. कधी ग खाली, कधी प खाली, कधी रे. एकाच घरातल्या माणसांचे चार फोटो काढावेत, दर वेळी खुर्चीवर वेगळं माणूस बसवून, तसं. माणसं तीच. पण फोटो वेगळा दिसतो.

पेटी वाजत होती तोवर सरांना पत्ताही लागला नाही. पेटी थांबली आणि उघडं पडलं. कारण सा काढून घेतला आणि त्या कोमल गंधारालाच सा मानून ऐकलं, तर उरलेले सगळे सूर शुद्ध लागतात. चौघांचा हसरा मेजर होतो. तोही साधासुधा नाही, चांगला नटून आलेला.

"सा कुठंय यात?" सरांनी विचारलं.

"पेटीत आहे."

"आणि पेटी कुठंय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "मी त्या कडव्यात नसते."

सर कोपऱ्यात गेले. तिथे टेबलावर कापडाखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं. त्यांनी नव्या नवरीच्या तोंडावरचा पदर बाजूला करावा तसं कापड उचललं. नवा कीबोर्ड.

"माझ्या पुण्याच्या भाच्याने पाठवला. यात गिटार आहे, व्हायोलिन आहे, बासरी आहे. हात दुखत नाही त्याचा. लेकरू रडतंय म्हणून उठून जात नाही." आवाज जरा मऊ करून ते पुढे म्हणाले, "हे बघ पोरी, मी वाईट बोलत नाही. लेकुरवाळ्या बायका मागच्या बाकावर दाराजवळ बसतात, तशी तूही बस. चार-पाच वर्षं जाऊ दे. लेकरू मोठं होऊ दे."

"आणि तोवर खुर्ची?"

"खुर्ची कुठं पळते?"

खुर्च्या पळत नाहीत, हे मलाही माहीत होतं. त्यांच्यावर दुसरं कुणी बसतं. शुक्रवारी त्या टेबलावरचं कापड निघालं असतं तर ते परत पडलं नसतं.

"शुक्रवारी मीच वाजवणार," मी म्हटलं.

"सा लावणार असशील तर."

मी गिटार पिशवीत घातली. हो म्हटलं नाही.

*

घरी आल्यावर मी मागच्या अंगणात हन्नाची दुपटी धुवायला बसले. सासूबाई पाटावर बसून चिंच सोलत होत्या. हन्ना त्यांच्या पायांवर पालथी पडून मातीतल्या मुंग्यांकडे टक लावून बघत होती.

"शांतवन काही चूक बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मी कुठं म्हटलं चूक बोलतात."

"मग एका कडव्यापुरती धर की पुरी कॉर्ड. दोन आवर्तनं. तेवढ्याने काय अंगठा गळून पडतो?"

"नाही धरणार."

"नाही धरणार, का नाही धरता येणार?"

मी दुपट्याला पीळ घातला आणि पाणी निपटून काढलं. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मी दुसरं दुपटं घेतलं. त्यालाही पीळ घातला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि चिंचेकडे वळल्या.

सुपा एमआयडीसीतून प्रबोध, माझा नवरा, संध्याकाळी आला. सगळं ऐकून त्याने हन्नाला खांद्यावर टाकलं आणि तिच्याच पाठीवर तबला वाजवत म्हणाला, "एक सूर घातलास तर काय बिघडतं गं? भाजीत मीठ घालावं तसं घालायचं."

"त्या कडव्यात मीठ नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये."

"आई, ही काय बोलते कळतंय का तुला?"

"मला विचारू नको," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी त्या कडव्यात नसते."

*

उत्तम शुक्रवारी चर्च गच्च भरलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वारा घालायला हातात घडी केलेले रुमाल. नगरचं एप्रिलचं ऊन खिडक्यांच्या काचांवर थापल्यासारखं. वेदीवरचं सगळं काढून ठेवलेलं, फूल नाही, मेणबत्ती नाही. बाकांवरून बघितलं तर पेटी डावीकडे, माझी खुर्ची तिच्या शेजारी, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला सरांच्या हाताशी ते टेबल. कापड घातलेलं, पण वायर भिंतीत खोचलेली. लाल दिवा कापडातूनही दिसत होता.

प्रबोध हन्नाला घेऊन दाराजवळ, लेकुरवाळ्या बायकांमध्ये बसला होता. त्या रांगेत तो एकटाच पुरुष. शेजारची बाई त्याला दुपटं नीट कसं धरायचं ते शिकवत होती.

तिसऱ्या उद्गाराचं प्रवचन संपलं. पाळकसाहेबांनी मान लववली. गाणं नीट ऐकू यावं म्हणून कुणीतरी पंखे बंद केले. पाती थांबेपर्यंत सगळे थांबले.

पहिलं कडवं पांढरी दोनला. पेटीचा सा खाली जमिनीसारखा अंथरलेला, त्याच्यावर माझी चार बोटं. गायकवृंदाचे आवाज पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले. दुसरं एक पट्टी वर. तिसरं आणखी वर. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते चौथ्या कडव्याची वाट बघत होते.

पेटी थांबली. भात्यात उरलेली हवा हळूच बाहेर आली. सासूबाईंनी हात मांडीवर ठेवले.

मी रे खाली ठेवला आणि कॉर्ड छेडली.

पंखे बंद असलेल्या त्या चर्चमध्ये ती सगळ्यांना ऐकू गेली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली. कुणाचा तरी रुमाल हलायचा थांबला. उत्तम शुक्रवारी, तिसऱ्या उद्गारानंतर, सकाळचं ऊन.

पहिलं आवर्तन झालं. दुसरं झालं. आता गाणाऱ्यांनी यायचं. त्यांनी श्वास घेतलेला मला दिसला, आणि सरांचा तळहात वर गेला. थांबा.

सगळे थांबले. श्वास घेतलेले तसेच राहिले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच सांगितलं: लाव. लाव तो सा. मगच हात खाली येईल.

पहिलं बोट आडवं टाकायचं, अंगठा मागून दाबायचा, एवढंच. निमिषाचं काम.

मी बोटं उचलली आणि एक घर वर सरकले. ग खाली. तीच चौघं, जरा अधिक उजेडात.

सरांचा डावा हात टेबलाकडे गेला.

तेवढ्यात दाराजवळून हन्ना रडली. भुकेचं रडणं, ओळखीचं. छातीत कळ आली आणि दूध आपोआप सुटलं. पांढऱ्या साडीखाली ब्लाउज ओला होत गेलेला मला कळत होता. गिटार समोर होती, म्हणून इतरांना दिसला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी 'शू' केलं. प्रबोध उठून बाहेर जाऊ लागला, पण मध्येच थांबला आणि तिला छातीशी धरून दारातच उभा राहिला. दार उघडंच होतं. बाहेरचं ऊन त्याच्या पायांपर्यंत आलेलं.

मी आणखी वर गेले. प खाली.

सरांनी कापडाचं टोक पकडलं. मला वाटलं, उचला. उचला ना. तुमच्या त्या पेटाऱ्यातली गिटार काढा. पण मी थांबणार नाही. दोन गिटारी वाजतील. होऊन जाऊ दे उत्तम शुक्रवार.

पण गिटारीची मान काही अनंत नसते. प च्या पुढे एकच घर उरलं होतं, नी खाली असलेलं. तिथे हात गिटारीच्या पोटाला लागतो. त्याच्यावर चढायला जागा नाही. मी तिथे गेले. सूर इतके वर आणि इतके बारीक झाले होते की आता हसू आहे की दुसरं काही, मलाही सांगता आलं नसतं. त्यापुढे मला काही येत नव्हतं.

कापड अर्धं सरकलं होतं.

तेव्हा माझ्या उजव्या कानाजवळ कुणीतरी गायला लागलं.

"घरी परतली माय..."

सासूबाई. हात मांडीवरच. पेटी बंदच. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. पेटी वाजवणारा गात नाही, असं त्याच म्हणायच्या. त्यांच्या गळ्यात वरचा सा उरलेला नव्हता, म्हणून त्यांनी खालचा लावला. खरबरीत, विहिरीतून आल्यासारखा. तो सा माझ्या चार सुरांच्या खाली येऊन बसला, आणि त्या क्षणी ऊन उतरलं. मी बोट हलवलं नव्हतं. एकही सूर बदलला नव्हता. पण तीच कॉर्ड, तीच चार माणसं, आता घरात कुणीतरी नाही हे माहीत असलेली.

"...दार लाविना."

सरांचा तळहात वरच होता, पण त्याच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. बायकांचा एक आवाज आला, मग पुरुषांचे, मग सगळा गायकवृंद. पहिल्या रांगेतले ते म्हातारे गृहस्थ रुमालाने तोंड झाकून बसले. मी नी वरून प वर आले, प वरून ग वर, एकेक पायरी उतरत, आणि शेवटची ओळ जिथून निघाले होते तिथे आणून सोडली.

सरांनी हात खाली केला. कापडही.

*

उपासना संपल्यावर सर पेटीजवळ आले.

"सगुणाबाई, इशारा न देता गाणं उचललंत तुम्ही. माझा हात वर होता."

"दिसला मला," सासूबाई म्हणाल्या. "दुखत नाही का हो हात, इतका वेळ वर धरून?"

आम्ही चालतच घरी आलो. प्रबोध पुढे, खांद्यावर हन्ना, तिचं तोंड आमच्याकडे. उपास सोडायला सासूबाईंनी तांदळाची पेज केली. मी पदराखाली हन्नाला घेऊन बसले होते. त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली आणि समोर बसल्या.

"अंगठा कधी बरा झाला?"

मी पदर सारखा केला.

"दुपटी पिळत होतीस. असा पीळ मला पण घालता येत नाही."

"गेल्या रविवारी झावळ्या घेतल्या ना, त्याच्या आधीच झाला."

"मग धरता आली असती पुरी."

"आली असती."

"मग?"

हन्नाने दूध सोडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा धरलं. मी तिच्या मुठीत माझं बोट दिलं.

"सर म्हणतात, आई रडली पाहिजे. तीन कडवी रडते ना ती. चढ चढताना रडते, खाली उभी राहून रडते. चौथ्यात कुठं रडते? घरी येते आणि दार लावत नाही. जी बाई दार लावत नाही, तिला मी का रडवू? तिच्या घरातला एकजण गेलाय, खालचा. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. ती त्याची जागा मोकळी ठेवून बसलीय. मी तिथे सा आणून बसवला असता तर, आई, दार लावल्यासारखं झालं असतं."

सासूबाई पेजेत चमचा फिरवत राहिल्या. वरून भिंतीवरचे सासरे आमच्याकडे बघत होते.

"इतकी वर्षं," शेवटी त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यांनी पेटी थांबवली ती माझे पाय दुखतात म्हणून."

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते पेजेबरोबर गिळलं.

"त्यांनी कधी सांगितलं नाही?"

"तुझ्या सासऱ्यांनी? त्यांना भूक लागली तरी सांगायचे नाहीत." त्यांनी वाटी संपवली आणि हन्नाला घ्यायला हात पुढे केले. हन्ना गेली. तिला खांद्यावर घेऊन, पाठ थोपटत, त्या उघड्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षी एक पट्टी वर, काळी दोनपासून सुरू करू," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "इतक्या खाली माझा गळा उतरत नाही."

"चालेल, आई."

"आणि शांतवनला म्हणावं, तो डबा संडे स्कूलला देऊन टाक. पोरं खेळतील."